कानशील

अरबीत प नाही,
म्हणून अल खौदमध्ये बारा वर्षं मी बाटणकर आहे.
संगमनेरचा. कवळ्या करतो.

शम्सा अल-हबसी आल्या त्या दुपारी दवाखाना रिकामा होता.
हातात बिस्किटांचा डबा, डब्यात कापूस,
कापसात करवंदाच्या रंगाचा खडा.
"बाटणकर, तुमचं ते बारीक ड्रिल
दगडावर चालेल?"

वादीपलीकडच्या गोट्यांच्या थरात मिळाला.
सात कोटी वर्षं, म्हणाल्या,
जशी मी म्हणतो, दोन दिवस लागतील.
तेव्हा आमच्या गावावर लाव्हासुद्धा आला नव्हता.
आमच्या काळ्या कातळात हाड सापडत नाही,
म्हणून हाडं म्हटली की मला एकच काम ठाऊक होतं:
तिसऱ्या दिवशी सावडायची,
मडक्यात भरायची
आणि प्रवरेत सोडून मागे न बघता यायचं.

इथे शम्साबाई मागेच बघतात. पगार घेऊन.

रात्री दिव्याखाली बसलो.
सुईएवढी टोकं, पाण्याचा थेंब, ब्रश,
थांबणं.
दगड सुटत गेला आणि कडा उघडी पडली,
विळीच्या पुढच्या टोकाला खोबऱ्यासाठी असतात
तसे दाते, पण ओळीने, आणि इतके बारीक
की बोटाला आधी कळले, डोळ्यांना नंतर.
मुळाशी खळगा होता.
तो मी ओळखला. तो माझ्या धंद्यातला.
दुधाचा दात पडतो तेव्हा असंच असतं,
खालून नवा ढकलत येतो, जुन्याचं मूळ खात.

म्हणजे हा दात मेल्यावर पडलेला नव्हे.
जेवता जेवता पडला.
जनावर थांबलंही नसेल.
त्यांना आयुष्यभर नवे येत.
आपल्याला दोनदाच.
तिसऱ्यांदा मी, ओमानी रियालांत.

डबा परत न्यायला आल्या तेव्हा
त्यांनी पिशवीतून मगरीच्या कवटीचा साचा काढला.
डोळ्यामागे दोन भोकं, एकाखाली एक.
"ह्या दाताच्या मालकालाही दोन होती.
त्या एसीवरच्या कावळ्याचीही तीच,
मधली हाडं झिजून एक झालेली."
"आणि आपल्याला?"
"दाढा आवळा."
मी कानशिलावर बोट ठेवलं.
आत काहीतरी फुगलं, हललं.
"एक. तीस कोटी वर्षांपूर्वी वाटण्या झाल्या,
तुमच्या वाट्याला एक आलं."

आणि जाता जाता, चपला घालत:
जबड्याची जुनी बिजागरी होती ना, तिची दोन हाडं
आपल्यात लहान होत गेली
आणि कानात जाऊन बसली.

वीस वर्षं मी तो सांधा चाचपतोय.
तोंड उघडा. मिटा. खटका येतो का?
जबडा कानाच्या इतका शेजारी का,
हे कधी विचारलं नव्हतं.

त्याच रात्री नानांचा फोन.
मी पाठवलेली कवळी ढिली झाली,
हाड झिजलं असेल, आता पेल्यात ठेवलीये.
दात नसले की त्यांचा स वाऱ्यावर जातो.
"हंगमनेरला कधी येतोह?"
मी ऐकत राहिलो,
कुणीतरी कधीकाळी ज्यानं चावायचं
त्या हाडांनी.

सकाळी खिडकीत कावळा.
दात कधीच टाकून दिलेले, चोच उरलेली.
अर्धी पोळी टाकली.
आमच्याकडे पिंडाला हाच लागतो,
तो शिवला की पूर्वज पावले म्हणायचं.
कोणाचे, ते विचारायची पद्धत नाही.

ट्रेमध्ये दाताची भुकटी उरलीय अजून,
चिमूटभर.
झाडायला जातो आणि राहतं.
इथून प्रवरा लांब आहे,
आणि वादीत पाणी नाही.